श्रीसंत नरहरी सोनार आणि हरिहरांचे ऐक्य

माघी एकादशीची वारी करून वारकरी गावी परततो. तिथी मोजली तर त्या एकादशीपासून सातव्या दिवशी, माघ वद्य तृतीयेला, श्रीसंत नरहरी सोनार महाराजांची पुण्यतिथी येते; आणि तिच्यापुढे अकराव्या दिवशी, माघ वद्य चतुर्दशीला, महाशिवरात्र येते. अलीकडे हरीची एकादशी, पलीकडे हराची शिवरात्र, आणि मध्ये हा पंढरीचा सोनार! पंचांगानेच त्यांना दोन्ही घरांच्या उंबरठ्यावर आणून बसविले आहे. म्हणून या माघात त्यांचे चरित्र आठवावे, असे मनात आले.

याला आणखीही एक कारण आहे. कीर्तनाच्या निमित्ताने गावोगाव हिंडताना एक प्रश्न हमखास कानी येतो. कुळात शंभुमहादेव आहे, वाडवडिलांपासून सोमवार चालत आला आहे, आणि आता गळ्यात तुळशीची माळ पडली आहे; तर बोवा, सोमवार सोडावा की धरावा? पिंडीवर बेल वाहिला तर पांडुरंगाच्या ठायी असलेल्या एकनिष्ठेला बाध तर येणार नाही ना? विचारणारा भाविक असतो, त्याच्या मनाची खरोखरच ओढाताण झालेली असते. दुसरे काही याच्याही पुढे जातात. ते विचारीतच नाहीत. महादेवाच्या देवळावरून जाताना मान फिरवितात आणि त्यालाच अनन्यभक्ती म्हणतात. या दोघांनाही पोथीतले वचन काढून उत्तर देता येईल. पण सज्जनहो, वचनावर वाद करता येतो, चरित्रावर करता येत नाही. नरहरी महाराजांचे चरित्र हेच या प्रश्नाचे रोकडे उत्तर आहे.

काळ यादवांच्या राज्याचा. देवगिरीला रामदेवराव राज्य करीत होते. गोदेच्या तीरी नेवाशास ज्ञानोबारायांनी शके 1212 म्हणजे इ. स. 1290 मध्ये गीतेवर टीका सांगितली, तो हा काळ. पंढरीच्या देवळात चौऱ्यांशीचा म्हणून प्रसिद्ध असलेला शिलालेख आहे. शके 1195 ते 1199, म्हणजे इ. स. 1273 ते 1277 या वर्षांत देवळासाठी ज्यांनी ज्यांनी दान दिले त्यांची नोंद त्यात कोरली आहे. म्हणजे त्या वेळी पांडुरंगाचे वैभव वाढत होते, दूरदूरचे लोक द्रव्य घेऊन येत होते. भीमेच्या वाळवंटात नामदेवरायांचे कीर्तन उभे राहू लागले होते. तेरढोकीला गोरोबाकाका मडकी घडवीत होते, अरणला सावतोबा मळा शिंपीत होते, मंगळवेढ्याला चोखोबा होते, नामदेवांच्या घरी जनाबाई दळण दळीत होत्या. जो तो आपल्या धंद्यात होता आणि जो तो पांडुरंगाचा होता.

आणि अशा या पंढरीत, देवळापासून हाकेच्या अंतरावर, एक सोनार असा होता की ज्याने विठ्ठलाचे तोंड कधी पाहिले नव्हते!

नरहरी हे पिढीजात शिवभक्त. पंढरपुरात मल्लिकार्जुनाचे जुने स्थान आहे, तो मल्लिकार्जुन हे त्यांचे सर्वस्व. पहाटे स्नान करावे, भस्म लावावे, रुद्राक्ष धारण करावा, मल्लिकार्जुनाला जल आणि बेल वाहावा, आणि मग दुकानी येऊन बागेसरी पेटवावी, असा त्यांचा नेम. हात मोठा कसबी. मुशीत सोने आटवावे, ऐरणीवर ठोकावे, तार ओढावी, आणि असा डाग घडवावा की गुंजेचाही फरक पडू नये. सोनाराच्या धंद्याबद्दल लोक काय काय बोलतात ते आपण जाणताच. पण नरहरींच्या ताजव्यावर कोणी संशय घेतला नाही.

एवढे सगळे चांगले. पण एक आढी मनात घट्ट बसलेली. शिवावाचून दुसरा देव नाही, हे ठीक. पण दुसऱ्या देवाचे दर्शनही होता कामा नये, इथपर्यंत ते गेले होते. विठ्ठलाच्या देवळात जाणे तर सोडाच, देवळाचा कळससुद्धा नजरेस पडू नये म्हणून ते मान खाली घालून चालत, असे चरित्रकार सांगतात. आणि गंमत पाहा! नरहरी हे नाव कोणाचे? नरसिंहाचे, म्हणजे साक्षात विष्णूचे. शिवभक्तांच्या घरात जन्मलेल्या मुलाला नाव मिळाले ते हरीचे. विठ्ठलाला टाळणाऱ्या या गृहस्थाला घरची, दारची, बाजारची माणसे दिवसभर हाक मारीत होती ती हरीच्या नावाने, आणि ते ओ देत होते! देव ज्याला धरतो त्याला असा आधीपासूनच धरून ठेवतो.

आता पुढची कथा महिपतीबोवा ताहराबादकर यांनी शके 1684 मध्ये, इ. स. 1762 साली, रचलेल्या भक्तविजयात आहे, आणि ती वारकऱ्यांच्या घरोघर पोचली आहे. तरी पुन्हा एकदा सावकाश ऐका. कारण ऐकलेल्या कथेतच पुष्कळ वेळा न ऐकलेले राहून जाते.

एका सावकाराला मूल नव्हते. त्याने पांडुरंगाला नवस केला की मुलगा झाला तर देवाच्या कमरेला सोन्याचा कडदोरा घालीन. देवाने त्याचे आर्त पुरविले, मुलगा झाला. सावकार सोने घेऊन पंढरीस आला आणि गावात चौकशी केली, उत्तम कारागीर कोण? ज्याला त्याला विचारले, सगळ्यांनी एकच नाव सांगितले. तेव्हा तो नरहरींच्या दुकानी आला आणि कडदोरा घडविण्याची विनंती केली. काम कोणासाठी आहे हे कळताच नरहरी थबकले. दागिना घडवायला त्यांची ना नव्हती, तो त्यांचा धंदा होता. पण माप घ्यायला त्या देवळात पाऊल टाकणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगून टाकले. माप तुम्ही आणून द्या, त्याबरहुकूम डाग घडवून देतो, असा करार ठरला.

सावकाराने देवाच्या कमरेभोवती दोरी धरून माप आणले. नरहरींनी कडदोरा घडविला. सावकार आनंदाने देवळात गेला, देवाच्या कमरेला कडदोरा लावला, तो लांब! परत आला, नरहरींनी आखूड करून दिला. पुन्हा नेला, तो आता पुरेना! नरहरी चकित झाले. उभ्या आयुष्यात ज्याचे माप कधी चुकले नाही, त्याच्या हातून एकाच दागिन्याचे माप दोनदा चुकावे? सावकार तर रडकुंडीला आला. नवस पुरा झाल्यावाचून गावी कोणत्या तोंडाने जाऊ, म्हणून त्याने नरहरींचे पाय धरले. एकदा तुम्ही स्वतः चला आणि आपल्या हाताने माप घ्या, एवढी भीक त्याने मागितली.

येथे क्षणभर थांबा. कडदोरा लांब का झाला आणि आखूड का झाला? माप दुसऱ्याच्या हातचे होते म्हणून. देवाचे माप ऐकीव घेतले की ते कधी बसत नाही. कोणी सांगितले की शैवांचा देव असा, कोणी सांगितले की वैष्णवांचा देव तसा, आणि त्या दोरीवरून आपण घरबसल्या देव घडवायला गेलो, तर तो एकदा लांब होतो, एकदा आखूड होतो. देवाच्या अंगाला लागत नाही. दुसऱ्याच्या देवाविषयी बोलण्यापूर्वी त्याच्या गाभाऱ्यात एकदा तरी स्वतःच्या पायांनी गेले पाहिजे.

नरहरी जायला तयार झाले, पण एका अटीवर. डोळ्यांवर पट्टी बांधीन, तुम्ही हाताला धरून न्या, मी चाचपून माप घेईन आणि तसाच परत येईन. सावकाराने मान्य केले. सोनारबोवा डोळे बांधून विठ्ठलाच्या देवळात चालले आहेत, ही बातमी गावात पसरली असेल आणि लोक पाहायला जमले असतील, यात नवल नाही. कोणी हसले असतील, कोणी हळहळले असतील. नरहरी मात्र मनात आपल्या मल्लिकार्जुनाचे स्मरण करीत होते.

गाभाऱ्यात आले. हात पुढे केले. कमर चाचपावी म्हणून हात फिरविला, तो हाताला सर्प लागले. दचकून हात वर नेला, तो मस्तकावर जटा लागल्या. मुखे चाचपली, ती पाच! हात मोजले, ते दहा! कमरेला व्याघ्रांबर! नरहरींच्या अंगावर रोमांच उभे राहिले. अरे, हा तर माझा शंकर! ज्याच्यासाठी मी जन्मभर झुरलो, तो माझा भोळानाथ या देवळात उभा, आणि मी मात्र डोळे बांधून आलो! घाईघाईने त्यांनी पट्टी सोडली. पाहतात तो समोर विटेवर समचरण, कर कटावर ठेवलेले, तुळशीमाळ ल्यालेले सावळे रूप.

नरहरी पुन्हा गोंधळले. पुन्हा पट्टी बांधली, पुन्हा हात लावला, पुन्हा शंकर. पट्टी सोडली, पुन्हा विठ्ठल. हात सांगतात हर, डोळे सांगतात हरि. दोन साक्षीदार, दोन्ही आपलेच, दोन्ही खरे बोलणारे. मग खोटे कोण? खोटी होती ती मधली पट्टी! हे त्यांच्या ध्यानात आले आणि त्या क्षणी कापडाची पट्टी हातात राहिली, पण मनाची पट्टी कायमची गळून पडली. नरहरींनी देवाच्या चरणांवर लोळण घेतली. त्यानंतर कडदोरा देवाच्या कमरेला अचूक बसला, हे वेगळे सांगायला नको. माप घेणाऱ्याचेच मन बसले, मग दागिना का बसणार नाही?

आता माझे सांगणे येथे आहे, बरे का मंडळी. ही कथा आपण वैष्णव लोक सांगतो तेव्हा ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळांचा समज असा होतो की एका हट्टी शैवाची देवाने चांगली जिरविली, शैव हरला आणि वैष्णव जिंकला. टाळ्याही पडतात. पण कथा नीट पाहा. देवाने नरहरींच्या हाताला शंख-चक्र का लावले नाही? त्यांचे गर्वहरणच करायचे असते तर एवढे पुरे होते. देवाने तसे केले नाही. ज्या रूपावर त्यांचे प्रेम होते त्याच रूपाने देव त्यांच्या हाती आला. त्यांचा शंकर त्यांच्यापासून काढून घेतला नाही. उलट जेथे तो नाही असे ते समजत होते तेथेच तो उभा असल्याचे दाखविले. निष्ठा मोडली नाही, निष्ठेचा आवाका वाढविला. यात हरले कोणीच नाही. हरला तो भेद.

आणि म्हणून ही कथा फक्त शैवांना सांगण्याची नाही. पट्टी नरहरींच्या डोळ्यांवर होती, आपल्या डोळ्यांवर नाही, असे कोणी समजू नये. पंढरीच्या कळसाकडे पाहायचे नाही म्हणून नरहरी मान खाली घालीत; महादेवाच्या पिंडीकडे पाहायचे नाही म्हणून कोणी माळकरी मान फिरवील, तर पट्टी तीच. कापडाचा रंग तेवढा वेगळा.

त्याच काळातली दुसरी गोष्ट नरहरींच्या शेजारी ठेवून पाहा, म्हणजे देवाची योजना कशी दुहेरी असते ते कळेल. नामदेवराय म्हणजे विठ्ठलाचे लाडके. देव त्यांच्याशी बोले, जेवे, खेळे. पण संतमेळ्यात गोरोबाकाकांनी थापटणे हाती घेतले आणि हे मडके अजून कच्चे आहे असा निवाडा झाला. मग पांडुरंगाने आपल्या या लाडक्याला कोठे पाठविले? औंढ्या नागनाथाला, ज्योतिर्लिंगाच्या देवळात! तेथे विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेवांना ते पाहवेना. त्यांनी हटकले, तेव्हा जेथे देव नाही तेथे माझे पाय उचलून ठेव, असे विसोबांनी सांगितले. नामदेव पाय उचलून जिकडे ठेवीत तिकडे पिंडी उभी राही. शेवटी सर्वत्र देवच आहे हे ओळखून त्यांनी विसोबांना शरण जाऊन गुरू केले. पाहा, शिवभक्त नरहरींना पूर्णत्व मिळाले विठ्ठलाच्या गाभाऱ्यात, आणि विठ्ठलभक्त नामदेवांना पूर्णत्व मिळाले शिवाच्या गाभाऱ्यात. देवाने दोघांची घरे बदलून दोघांनाही एकाच घरात आणले.

आपल्या संप्रदायाच्या वाटेवर पावलोपावली हेच दिसते. वारकरी चंद्रभागेत स्नान करून आधी पुंडलीकरायांचे दर्शन घेतो. त्या देवळात काय आहे? पितळी मुखवट्याखाली शिवलिंग आहे! आळंदीला माउलींची समाधी कोठे आहे? सिद्धेश्वराच्या सान्निध्यात, तेथल्या नंदीजवळच्या विवरातून माउली समाधिस्थानी उतरल्या, अशी परंपरा आहे. थोरले निवृत्तिनाथ शके 1219 मध्ये, इ. स. 1297 साली, त्र्यंबकेश्वरी समाधिस्थ झाले, आणि पौष वद्य एकादशीला लाखो वैष्णव टाळमृदंग घेऊन त्या ज्योतिर्लिंगाच्या गावी जातात. परळी वैजनाथाच्या ज्योतिर्लिंगापाशी राहून जगमित्र नागांनी विठ्ठल गाइला. ज्ञानेश्वरीच्या शेवटी माउलींनी आपली गुरुपरंपरा दिली आहे, ती आदिनाथ शंकरापासून; त्यांच्यापासून मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती. म्हणजे आपल्या गळ्यातली माळ तुळशीची, पण कानात पडलेले ज्ञान शिवाच्या मुखातले. मग शिवाला परका कसे म्हणावे? परका म्हटले तर गुरुघरच परके झाले!

पैठणच्या नाथमहाराजांची गोष्ट तर लहान मुलांनाही ठाऊक आहे. गंगेचे पाणी कावडीने रामेश्वराला नेऊन शंकरावर घालावे, हे एका भागवतोत्तमाचे व्रत होते. हीच केवढी मोठी शिकवण! आणि वाटेत तहानेने तळमळणाऱ्या गाढवाच्या मुखात ती कावड रिती करून माझा रामेश्वर येथेच पावला असे मानणे, ही त्या व्रताची सांगता. शिवाला पाणी घालायचे ते असे. नाथांनी शके 1521 मध्ये, इ. स. 1599 साली, देह ठेवला. पण ती कावड अजून आपल्या खांद्यावर आहे.

शास्त्राचे म्हणाल तर शास्त्रही याच बाजूचे आहे. हरि आणि हर हे दोन्ही शब्द संस्कृतात एकाच हृ धातूपासून झाले आहेत. हरण करणारा तो हरि आणि हरण करणारा तोच हर. श्रीमद्भागवत हा वैष्णवांचा प्राण. त्याच्या चौथ्या स्कंधात दक्षाच्या यज्ञाची कथा आहे. दक्षाने शिवाला भाग दिला नाही, तर यज्ञाचा विध्वंस झाला. आणि शेवटी प्रत्यक्ष विष्णूंनी दक्षाला उपदेश केला की ब्रह्मा, शिव आणि मी यांच्यात जो भेद पाहत नाही त्यालाच शांती लाभते. त्याच स्कंधात प्रचेत्यांना विष्णूचे स्तोत्र शिकविणारे गुरू कोण? तर रुद्र! आणि बाराव्या स्कंधाच्या शेवटच्या अध्यायात वैष्णवांमध्ये श्रेष्ठ म्हणून शंभूंचेच नाव घेतले आहे. आता सांगा, सगळ्यांत मोठ्या वैष्णवाच्या दारावरून जो वैष्णव मान फिरवून जातो, त्याच्या वैष्णवपणाला काय म्हणावे? तिकडे शिवमहिम्नात हजार कमळे वाहणाऱ्या विष्णूची कथा आहे. एक कमळ कमी पडले तेव्हा त्यांनी आपला नेत्रच काढून वाहिला. एक देव दुसऱ्याची पूजा डोळा देऊन करतो आणि आपण भक्त मात्र डोळे बांधून बसतो!

मग वारकऱ्याने शिवाची उपासना कशी करावी? नरहरींच्या चरित्रातूनच याचे उत्तर निघते.

पहिली गोष्ट, आपले सोडून जाऊ नये. नरहरी विठ्ठलाच्या गाभाऱ्यात गेले ते आपल्या शंकराचे स्मरण करीतच गेले. तसे आपण महादेवाच्या देवळात जाताना गळ्यातली माळ काढायची नाही, गोपीचंदन पुसायचे नाही, मुखातले रामकृष्णहरि थांबवायचे नाही. ज्या रामनामाचा जप शंकर स्वतः अखंड करतात ते नाम त्यांच्यासमोर म्हणायला संकोच कसला? पिंडीवर पाणी घालावे, बेल वाहावा, अर्धी प्रदक्षिणा करावी, सोमसूत्र ओलांडू नये, आणि विटेवरचे रूप आठवून नमस्कार करावा. पांडुरंगाने शिवाला मस्तकी धारण केले आहे, असे संत सांगत आले. तेव्हा पिंडीवर वाहिलेले पान पांडुरंगाच्या डोक्यावरच वाहिले जाते.

दुसरी गोष्ट, सौदा करायला जाऊ नये. विठ्ठलाने ऐकले नाही, आता महादेवाला सांगून पाहू, अशा बुद्धीने देव बदलणे हा खरा व्यभिचार. अनन्यतेला बाध येतो तो या सौद्याने, बेलाच्या पानाने नव्हे. पतिव्रता सासू-सासऱ्यांची, दीर-भावजयांची सेवा करते म्हणून तिचे पातिव्रत्य उणे होत नाही. घरच्यांचा अपमान करून पतिप्रेम मिरविणारीला मात्र कोणी शहाणी म्हणत नाही.

तिसरी गोष्ट, कुळाचार टाकू नये. घरी सोमवार असेल, शिखर शिंगणापूरच्या शंभुमहादेवाची यात्रा असेल, तर ती आनंदाने चालवावी. स्मार्तांच्या विष्णुपंचायतनात विष्णू मध्यभागी असतात आणि शिव ईशान्येला असतात. दोघेही एकाच ताम्हनात. मध्यभागी कोण हे आपल्या उपासनेने ठरते, पण ताम्हनाबाहेर कोणालाच काढलेले नाही. काहींना शिवाच्या निर्माल्याची, प्रसादाची शंका असते. धर्मग्रंथांनी तिचाही निकाल दिला आहे की शाळिग्रामाचा स्पर्श झाला की शिवाचे पत्र, पुष्प, फळ, जल सारे पवित्र होऊन ग्राह्य ठरते. पाहा किती गोड तोड काढली! हराचा प्रसाद घ्यायचा तो हरीच्या हाताने. आणि कार्तिकी एकादशीनंतर तिसऱ्या दिवशी वैकुंठ चतुर्दशी येते, तेव्हा तर शिवाला तुळस आणि विष्णूला बेल वाहण्याची रीतच आहे. वर्षातून एक दिवस देव एकमेकांची पाने बदलून घेतात, ते आपल्यासाठीच.

असो. नरहरी महाराजांच्या पुढच्या आयुष्याकडे वळू. त्या दिवसानंतर ते वारकरी झाले. पण दुकान बंद करून बैरागी झाले नाहीत. बागेसरी तीच, मूस तीच, हातोडी तीच. त्यांचे थोडे अभंग आपल्यापर्यंत आले आहेत. त्यांत सोनाराची सारी हत्यारे परमार्थाला जुंपलेली दिसतात. पूर्वी सोने आटवीत, आता देहबुद्धी आटवू लागले; पूर्वी दागिना जोखीत, आता नाम जोखू लागले. आणि मल्लिकार्जुन? त्याचे काय झाले? तो कोठेही गेला नाही. नरहरींनी विठ्ठलाला धरले म्हणून शंकराला सोडले, असे संतपरंपरा कोठेही सांगत नाही. एकाच्या दारी गेले तरी दुसऱ्याची भेट होऊ लागली, एवढाच फरक पडला. पूर्वी पंढरीत त्यांचे एक देऊळ होते, आता दोन्ही झाली.

चांगला सोनार सोन्याला रंगावरून पारखीत नाही, कसोटीवर घासून पारखतो. पाटली, गोठ, कडदोरा, हे आकार गिऱ्हाइकाच्या हौसेचे. ताजव्यात पडते ते सोने. नरहरींना आयुष्यभर हे दुकानात ठाऊक होते, देवळात ठाऊक नव्हते. ज्या दिवशी दुकानातले ज्ञान देवळात आले, त्या दिवशी सोनाराचा संत झाला. आपल्यालाही प्रपंचात भेद मिटवायचे शहाणपण पुष्कळ असते. ते देवापुढे नेले पाहिजे, एवढेच.

तेव्हा वारकरी बंधुभगिनींनो, येत्या माघ वद्य तृतीयेला नरहरीरायांचे नाव घेऊन भजन करा, आणि तेथून अकराव्या दिवशी शिवरात्रीला आपल्या गावच्या महादेवाच्या देवळात टाळ-वीणा घेऊन जा. रात्र जागवायचीच आहे, ती हरिकीर्तनाने जागवा. शिवासमोर हरि गाइला तर शिव जितका संतोषतो तितका दुसऱ्या कशाने संतोषत नाही. गावात शैव मंडळी असतील त्यांना आदराने पुढे बसवा. त्यांच्यातही कोणी नरहरी असेल, आणि कदाचित आपल्यातही एखादा पट्टी सोडायची राहिलेला असेल.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल! पार्वतीपते हर हर महादेव!